नडगीवरची रेघ

गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावर एक उंचवटा हाताला लागतो. फ्लोरिडा राज्याच्या कायद्यात या उंचवट्याला मोठे महत्त्व आहे. पोडियाट्रिस्ट, म्हणजे पावलांचे आजार आणि त्यांवरच्या शस्त्रक्रिया यांचेच शिक्षण घेतलेला डॉक्टर, त्या राज्यात या उंचवट्याच्या खालीच शस्त्रक्रिया करू शकतो, वर नाही. बोटे किंवा पावलाचा काही भाग कापून काढण्याची वेळ आली तर ते त्याला करता येते. अख्खे पाऊल किंवा पाय कापायचा असेल तर तो अधिकार त्याला नाही. टेक्सासचा कायदा त्याला 'मानवी पावला'वर उपचार करू देतो, पण पाऊल कुठे संपते हे सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये 2014 पर्यंत घोटा त्याच्या हद्दीबाहेर होता. आता घोट्यावर शस्त्रक्रिया करायची तर परवान्यावर आणखी एक विशेष परवानगी घ्यावी लागते, आणि तिच्याही दोन पायऱ्या आहेत. माणसाचा पाय तिन्ही राज्यांत सारखाच. या डॉक्टरांची महाविद्यालये, त्यांची राष्ट्रीय परीक्षा, तीही सारखीच. रेघ मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागी ओढलेली. ती कोणी ओढली, कशाच्या आधारावर आणि कोणाच्या हितासाठी, हा या पुस्तकाचा विषय आहे.

परवान्याचे कायदे वकिलांनी आणि कारकुनांनी वाचायचे असतात, अशी आपली समजूत असते. ती मला मान्य नाही. आपल्या अंगाला सुरी कोणी लावावी, आपल्या मुलाला गुंगीचे औषध कोणी द्यावे, हे ठरवणारा कायदा हा घराघराचा कायदा आहे. अमेरिकेत असे नियमन शेकडो व्यवसायांवर आहे. लुइझियानात फुलांची सजावट करून विकायलाही परवाना लागतो. या सगळ्यांतून मी पोडियाट्री निवडली, कारण हा व्यवसाय लहान आहे. देशभरात असे डॉक्टर वीस हजारांहून कमी आहेत आणि त्यांचे क्षेत्र शरीराच्या एका टोकापुरते आहे. त्यामुळे मोठ्या वैद्यकात जे वाद गर्दीत हरवून जातात ते इथे स्पष्ट दिसतात.

सुरुवात करावी लागते ती वेस्ट व्हर्जिनियातल्या एका खटल्यापासून. फ्रँक डेंट नावाचा माणूस तिथल्या एका गावात 1876 पासून डॉक्टरकी करत होता. तो 'एक्लेक्टिक' पंथाचा होता. वनस्पतिजन्य औषधांवर भर देणारा हा पंथ त्या काळी अमेरिकेत चांगलाच रुजलेला होता. राज्याने कायदा केला की नामांकित महाविद्यालयाची पदवी, दहा वर्षांचा आधीचा अनुभव किंवा मंडळाची परीक्षा, यांपैकी एक तरी असल्याशिवाय वैद्यकी करता येणार नाही. डेंटकडे सिनसिनाटीच्या एका एक्लेक्टिक महाविद्यालयाचे पदवीपत्र होते. राज्याच्या आरोग्य मंडळाने ते महाविद्यालय नामांकित मानले नाही. अनुभवाची वर्षेही कमी भरत होती. त्याने व्यवसाय चालूच ठेवला आणि त्याला 50 डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1889 च्या जानेवारीत न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी एकमताचा निकाल लिहिला आणि दंड कायम ठेवला.

त्या निकालातला युक्तिवाद आजही या सगळ्या इमारतीचा पाया आहे. वैद्याची गरज कोणालाही, केव्हाही पडू शकते. पण त्याच्या ज्ञानाची पारख करू शकणारे फार थोडे असतात. म्हणून लोकांना कोणाच्या तरी हमीवर विसंबावे लागते. ती हमी राज्य देऊ शकते. साध्या शब्दांत फील्ड यांचे म्हणणे एवढेच होते. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने 1963 च्या एका निबंधात हेच दुसऱ्या अंगाने मांडले. आजारी माणूस आणि डॉक्टर यांच्या माहितीत इतके अंतर असते की बाजाराचे नेहमीचे नियम तिथे पुरे पडत नाहीत. मला हा युक्तिवाद पटतो. परंतु डेंटच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. कोणते महाविद्यालय नामांकित, हे ठरवणारे लोक प्रतिस्पर्धी पंथाचे होते. रुग्णाचे संरक्षण आणि व्यवसायाचे संरक्षण ही दोन्ही कामे एकाच कायद्याने, त्याच माणसांच्या हातून व्हायला तेव्हापासून सुरुवात झाली. पुढच्या सव्वाशे वर्षांतले बहुतेक वाद यातूनच निघालेले आहेत.

पावलांच्या डॉक्टरांचा इतिहास त्याच काळात सुरू होतो. तेव्हा त्यांना किरोपॉडिस्ट म्हणत. कुरूप काढणे, आत वाढलेले नख सोडवणे, टाचेच्या भेगा बऱ्या करणे ही त्यांची कामे. शहरांतून ते दुकान थाटून बसत आणि डॉक्टरमंडळी त्यांना आपल्यात धरत नसत. न्यूयॉर्कमध्ये 1895 साली त्यांची संघटना झाली आणि त्याच वर्षी त्यांच्यासाठी पहिला कायदा झाला. 1911 मध्ये तिथेच त्यांचे पहिले मोठे विद्यालय निघाले. 1912 मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या नावातला 'किरोपॉडिस्ट' पुढे जाऊन तिथे 'पोडियाट्री' आले आणि 1984 मध्ये 'पोडियाट्रिक मेडिकल'. नाव बदलत गेले तसा अभ्यासक्रमही वाढला. आज पदवीनंतर चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण, पुढे रुग्णालयात तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण आणि टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय परीक्षा, असा हा मार्ग आहे. ज्या माणसांना एके काळी कुरूप काढणारे म्हणत, त्यांचे आजचे वारस हाडे जोडतात, स्नायुबंध शिवतात आणि मधुमेहाने चिघळलेले पाऊल वाचवतात.

परवाना मिळवण्याची रीत थोडक्यात सांगतो. तपशील पुढच्या प्रकरणांत आहेतच. उमेदवाराने मान्यताप्राप्त महाविद्यालयातून पदवी घ्यायची. राष्ट्रीय परीक्षेचे भाग उत्तीर्ण व्हायचे. निवासी प्रशिक्षणाचा दाखला जोडायचा. परवान्यासाठी त्याची किती वर्षे मोजायची हे राज्यागणिक बदलते. काही राज्ये आपल्या कायद्यांवर वेगळी परीक्षा घेतात, पुष्कळ राज्ये बोटांचे ठसे घेऊन गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासतात. परवाना मिळाला की ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करायचे आणि त्यासाठी शिक्षण चालू ठेवल्याचा पुरावा द्यायचा. अर्ज कोणाकडे करायचा याचेही एक उत्तर नाही. कुठे पोडियाट्रीचे स्वतंत्र मंडळ आहे, कुठे वैद्यकीय मंडळच हे काम पाहते. टेक्सासने तर 2017 मध्ये आपले पोडियाट्री मंडळ मोडून ते काम सर्वसाधारण परवाने देणाऱ्या सरकारी खात्याकडे सोपवले.

केंद्र सरकार यात कुठे आहे, असा प्रश्न भारतीय वाचकाला पडेल. अमेरिकेच्या राज्यघटनेत केंद्राकडे न दिलेले अधिकार राज्यांकडे राहतात आणि लोकांच्या आरोग्याची काळजी वाहणे हा त्यांतला एक जुना अधिकार. त्यामुळे मेडिकेअर ही वृद्धांसाठीची केंद्रीय आरोग्य विमा योजनाही राज्याच्या रेघेपुढे थांबते. तिच्या कायद्यात पोडियाट्रिस्टला 'फिजिशियन' म्हटले आहे, पण ज्या कामांची त्याला त्या राज्याने मुभा दिली आहे तेवढ्यांपुरतेच. म्हणजे एकाच केंद्रीय तिजोरीतून एकाच शस्त्रक्रियेचे पैसे एका राज्यात मिळतात आणि शेजारच्या राज्यात मिळत नाहीत.

घोट्याच्या वादावर या पुस्तकात मी जास्त पाने खर्च केली आहेत, कारण या विषयातले सगळे ताण तिथे एकत्र येतात. टेक्सासच्या पोडियाट्री मंडळाने 2001 मध्ये एक नियम केला. कायद्यात 'पाऊल' या शब्दाची व्याख्या नाही, तेव्हा ती आम्ही करतो, असे म्हणून मंडळाने नडगीची दोन्ही हाडे जिथे घोट्याच्या हाडाला मिळतात तो सांधा आणि तिथे येऊन जुळणारे स्नायू, शिरा, मज्जातंतू हे सगळे पावलात धरले. राज्यातल्या अस्थिरोगतज्ज्ञांची संघटना आणि वैद्यकीय संघटना न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे, पाऊल म्हणजे पाऊल. त्याच्या वरच्या भागावर उपचार करणे म्हणजे वैद्यकीय परवान्याशिवाय वैद्यकी करणे. पोडियाट्रिस्टांचे म्हणणे, घोटा आणि पाऊल एकमेकांवाचून चालतच नाहीत. पोटरीत सुरू होणारा स्नायू टाचेला येऊन जुळतो, मग टाचेचा इलाज पोटरी वगळून कसा करायचा? खालच्या न्यायालयाने नियम उचलून धरला. 2008 मध्ये ऑस्टिनच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला, कारण मंडळाने कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या बाहेर पाऊल टाकले होते.

कायद्याच्या दृष्टीने तो निकाल मला योग्य वाटतो. स्वतःच्या व्यवसायाची हद्द स्वतःच वाढवण्याचा अधिकार मंडळाला असू नये. ते काम विधिमंडळाचे. पण या खटल्याची कागदपत्रे वाचताना एका अनुपस्थितीने अस्वस्थ व्हायला होते. एका बाजूला पोडियाट्रिस्टांचे मंडळ, दुसऱ्या बाजूला हाडांच्या डॉक्टरांची संघटना, मध्ये वकील आणि न्यायाधीश. ज्याचा घोटा मोडला आहे तो माणूस यात कुठेच नाही. दूरच्या गावात घोट्यावर शस्त्रक्रिया करणारा कोणी आहे का, त्याने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांचे काय झाले, हे प्रश्न खरे तर आधी यायला हवेत. न्यायालयापुढे प्रश्न होता तो शब्दाच्या व्याप्तीचा. न्यूयॉर्कचा मार्ग मला त्यामानाने शहाणपणाचा वाटतो. तिथे विधिमंडळाने घोट्याची मुभा दिली, पण ज्याने तेवढे प्रशिक्षण घेतले आणि पुराव्यानिशी दाखवले त्यालाच, आणि कामाच्या अवघडपणाप्रमाणे दोन पातळ्यांवर. शरीराच्या नकाशावर रेघ ओढण्याऐवजी माणसाच्या शिक्षणावर ओढलेली रेघ रुग्णाच्या जास्त कामाची असते.

या सगळ्या व्यवस्थेलाच विरोध करणारा एक मोठा विचारप्रवाह अमेरिकेत आहे आणि त्याची ताकद कमी लेखू नये. मिल्टन फ्रीडमन यांनी 1962 च्या 'कॅपिटलिझम अँड फ्रीडम' या पुस्तकात डॉक्टरांच्या परवान्यालाही आक्षेप घेतला. परवाना मागायला ग्राहक जात नाहीत, व्यवसायातले लोकच जातात, हे त्यांचे निरीक्षण होते आणि ते खोटे नाही. 2015 साली व्हाइट हाउसने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 1950 च्या दशकात राज्याचा परवाना लागणाऱ्या कामगारांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत होते, ते 2008 पर्यंत पंचवीस टक्क्यांवर गेले. अनेक राज्यांत केस कापण्याच्या आणि सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यासाठी हजार-दीड हजार तासांचे प्रशिक्षण लागते. रुग्णवाहिकेतल्या प्राथमिक पातळीच्या तंत्रज्ञाला त्याच्या थोड्याशा अंशावर काम सुरू करता येते. हे समर्थन करण्याजोगे नाही.

त्याच 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलिनाच्या दंतवैद्यक मंडळाला चाप लावला. आठ जणांच्या त्या मंडळात सहा दंतवैद्य होते. मॉलमध्ये आणि सलूनमध्ये दात पांढरे करून देणाऱ्यांचा धंदा वाढू लागला तेव्हा मंडळाने त्यांना काम थांबवण्याच्या नोटिसा पाठवल्या. त्यातले अनेक दंतवैद्य स्वतःच दात पांढरे करण्याचे काम करत होते. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की व्यवसायातल्याच लोकांचे बहुमत असलेल्या मंडळावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर स्पर्धाविरोधी कायद्यापासून त्याला संरक्षण मिळणार नाही. माझ्या मते गेल्या अर्धशतकातला या विषयावरचा हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे.

तरीही फ्रीडमन यांच्याबरोबर मी शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. वाईट कापलेले केस महिन्याभरात वाढतात. चुकून कापलेले बोट परत येत नाही. जिथे चूक भरून येत नाही आणि ती होईपर्यंत रुग्णाला कळण्याचा मार्ग नसतो, तिथे आधीची तपासणी लागतेच. ॲब्राहम फ्लेक्सनर यांनी 1910 च्या अहवालात अमेरिका आणि कॅनडातल्या 155 वैद्यकीय विद्यालयांची स्थिती लिहिली. प्रयोगशाळा नाहीत, रुग्णालये नाहीत, फी भरली की पदवी, असे चित्र त्यांपैकी अनेकांचे होते. परवान्यांचे नियम कडक झाल्यावर अशी विद्यालये बंद पडली आणि लोकांचे भलेच झाले. त्याच लाटेत कृष्णवर्णीयांच्या सात विद्यालयांपैकी पाच बंद झाली आणि त्या समाजाला डॉक्टर मिळणे पुढच्या कित्येक पिढ्यांसाठी अवघड झाले, हेही खरे. पुढच्या प्रकरणांत या दोन्ही गोष्टी मी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. वाचकाने एकीचा आधार घेऊन दुसरी विसरू नये.

राज्याराज्यांमधल्या भिंतींबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्यांसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र रुग्णालये आहेत. तिथे कोणत्याही एका राज्याचा परवाना असलेला डॉक्टर कोणत्याही दुसऱ्या राज्यात काम करू शकतो. अशी सोय तिथे चालते, तर बाहेरच्या रुग्णालयात का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही राज्याच्या कायद्यात सापडले नाही. ॲरिझोनाने 2019 मध्ये दुसऱ्या राज्यांचे परवाने सरसकट मान्य करण्याचा कायदा केला, आणि त्यानंतर अनेक राज्ये त्या वाटेने गेली. डॉक्टरांसाठीचा आंतरराज्य करार 2017 पासून परवाने देऊ लागला. पोडियाट्रिस्ट त्यात नाहीत.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध जुना आहे. आनंदीबाई जोशी 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाहून एम. डी. झाल्या, तेव्हा पेनसिल्व्हेनियात पदवीपत्राची स्थानिक कचेरीत नोंद झाली की वैद्यकी करता येई. राज्याची स्वतंत्र परीक्षा पुढच्या दशकात आली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली ती पदवीच्या बळावर. इकडे डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा मुंबई प्रांताने केला तो 1912 साली, देशात पहिला. तोही वादावाचून राहिला नाही. आयुर्वेद महाविद्यालयाशी संबंध ठेवला म्हणून मुंबईतल्या एका पदवीधर डॉक्टरचे नाव काही वर्षांतच नोंदवहीतून काढण्यात आले. वैद्य आणि हकीम यांच्या नोंदणीचा कायदा व्हायला 1938 साल उजाडले. कोणती विद्या नामांकित हे कोणी ठरवायचे, हा डेंटचाच प्रश्न गिरगावात आणि पुण्यात वेगळ्या रूपात उभा होता.

तो आजही उभा आहे. मुंबईतल्या एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्या शास्त्राचे शिक्षण आणि नोंदणी नाही त्या शास्त्राचे उपचार करणे हाच निष्काळजीपणा. 2014 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथना ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली आणि डॉक्टरांच्या संघटना न्यायालयात गेल्या. टेक्सासचा घोटा आणि महाराष्ट्राची गोळी, वादाचा सांगाडा एकच आहे.

इथून अमेरिकेत जाणाऱ्यांना तर हा विषय अंगावर घ्यावाच लागतो. आपल्याकडचे फिजिओथेरपिस्ट मोठ्या संख्येने तिकडे जातात. राष्ट्रीय परीक्षा एक असली तरी परवाना एकेका राज्याचा, आणि इथल्या पदवीचे मूल्यमापन आधी करून घ्यावे लागते. दंतवैद्यांना बहुधा दोन-तीन वर्षे पुन्हा महाविद्यालयात बसावे लागते. पोडियाट्रीत एवढीही फट नाही. तिकडच्या मान्यताप्राप्त महाविद्यालयात शिकल्याशिवाय राष्ट्रीय परीक्षेला बसता येत नाही, मग इकडे तुम्ही शल्यचिकित्सक का असेना.

आणि ज्याच्यासाठी हा व्यवसाय मुळात लागतो तो आजार आपल्याकडे प्रचंड आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीत 2023 साली देशातल्या मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर मांडला गेला. पायाची संवेदना गेलेला माणूस चपलेचा खिळा टोचलेला कळत नसल्यामुळे दिवसभर चालत राहतो. कुरूप घरच्या घरी ब्लेडने कापतो. जखम चिघळते, गँगरीन होते, आणि मग तो ज्या डॉक्टरकडे पोहोचतो त्याच्यापाशी पाय कापण्याशिवाय उपाय उरलेला नसतो. पावलांसाठी वेगळी परिषद, वेगळा परवाना आपल्याकडे नाही; शल्यचिकित्सक आणि मधुमेहतज्ज्ञ हे काम आपापल्या परीने करतात. तो व्यवसाय इथे उभा करायचा असेल तर अमेरिकेच्या सव्वाशे वर्षांच्या भांडणातून काय घ्यायचे आणि काय टाळायचे, हे आताच ठरवता येईल. माझी शिफारस अशी, की हद्द शरीरावर न आखता प्रशिक्षणावर आखावी, मंडळावर व्यवसायाबाहेरच्या माणसांना खरा अधिकार द्यावा, आणि एका राज्याची नोंदणी देशभर चालावी.

पुस्तकातल्या राज्यवार तरतुदी बदलत असतात. अर्ज करणाऱ्याने त्या-त्या मंडळाचा ताजा नियम पाहूनच पाऊल उचलावे. रुग्ण म्हणून वाचणाऱ्यांना माझी विनंती वेगळी आहे. अमेरिकेत असाल तर शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी राज्याच्या संकेतस्थळावर डॉक्टरचे नाव घालून परवाना चालू आहे का आणि त्याच्यावर काही कारवाई झाली आहे का, हे पाहा. महाराष्ट्रात असाल तर औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असला पाहिजे. नसेल तर मागा, आणि मागताना संकोच करू नका. आणि ज्या मंडळावर सामान्य नागरिकासाठी जागा आहे, तिथे ती रिकामी असेल, तर अर्ज करा.